दीक्षाच्या हाताएवढी जागा

"सापडला! धरला! फिरवा काका, फिरवा!"

ट्रकच्या पोटाखाली पोत्यावर उताणी पडून, उजवा हात खांद्यापर्यंत आत घालून दीक्षा ओरडली. बाहेरच्या बाजूनं देवलानं लांब पान्यावर सगळं अंग टाकलं. आधी काहीच झालं नाही. मग कट्ट करून आवाज आला आणि इतका वेळ हट्टाला पेटलेला बोल्ट मुकाट्यानं फिरायला लागला.

"सुटला बघ," देवला धापा टाकत म्हणाला. "मिस्त्री, तुमच्या पोरीच्या हाताला डोळे हायत."

"डोळे न्हाईत काका, अक्कल हाय," आतून उत्तर आलं, आणि ड्रायव्हर खदाखदा हसला.

कनेरगाव नाक्यावर, ढाबे संपतात तिथं प्रेमानंद मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रा, आणि वर्षानुवर्षं सांडलेलं तेल पिऊन काळी कुळकुळीत झालेली जमीन. मागं पत्र्याच्या एका भिंतीपलीकडं त्याचं घर. गॅरेजात माणसं दोन, प्रेमानंद आणि देवला. आणि दिवाळीपासून तिसरी, प्रेमानंदची लेक दीक्षा. दहावीला बसलेली, हडकुळी, वेण्या डोक्याभोवती गुंडाळून वर फडकं बांधणारी.

आता मिस्त्रीच्या पोरीचं गाडीखाली काय काम, असं कुणालाही वाटेल. तर त्याचं असं आहे, की ट्रकचे पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या, आणि गाडीचं सगळं ओझं त्यांच्या पाठीवर. हळदीची पोती जास्त झाली, खड्डा जोरात बसला, की पाटा मोडतो नाहीतर सैल पडतो आणि गाडी एका अंगानं बसते, लंगड्या बैलासारखी. मग पाटे सोडायचे, बदलायचे, दोन्ही बाजू बराबर उंचीला आणून परत आवळायचे. जुन्या गाड्यांचं हे काम देवला डोळे झाकून करायचा. पण नव्या गाड्यांना चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, चिकटून सायलेन्सरचा हा थोरला डबा आला, शेजारी धूर साफ करायच्या युरियाची टाकी आली, आणि त्या दोघांच्या मागं अंधारात जाऊन बसला पाट्याच्या टोकाचा बोल्ट. त्याचं डोकं बाहेरून सापडतं. पण आतला नट कुणी धरून ठेवला नाही तर तोही सोबत गरागरा फिरत राहतो. तो धरायला आत जावं, तर देवलाचा हात मनगटापाशी अडायचा आणि प्रेमानंदचा कोपरापाशी. डबा खोलून काढावा, तर अर्धा दिवस जायचा आणि गंजलेले स्क्रू तुटायचे ते वेगळेच.

दिवाळीच्या सुट्टीत बाबूसिंग ड्रायव्हरची भरलेली गाडी अशीच अडकली होती. देवला शिव्या घालत होता, प्रेमानंद डोकं धरून बसला होता, आणि दीक्षा वाकून बघत होती.

"बाबा, मी घालू का हात?"

"हो, तूच राहिलीस," देवला हसला. "चल सरक, सावली करू नको."

पण तोवर ती खाली शिरलीही होती. जागा होती ती बरोबर तिच्या हाताएवढी. बोटं चेसीच्या कडेनं सरकत गेली, एका ठिकाणी वळली, आणि अंधारात तिच्या तळव्याला नटाचे सहा कोपरे लागले. तो क्षण दीक्षाला कुणी विचारला तर ती अजूनही सांगू शकते. विहिरीच्या तळाशी पडलेली बांगडी पहिल्याच बुडीत हाती लागावी, तसा.

त्या दिवसापर्यंत वर्गात दीक्षाची हजेरी सरांना दोनदा घ्यावी लागायची, कारण पहिल्यांदा तिचं "हजर" ऐकूच यायचं नाही. दिवाळीनंतर शाळा उघडली आणि तरफेचा धडा आला. सर म्हणाले, दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो. तर मागच्या बाकावरून ही उठली. "सर, हे सगळं खरं हाय, पण जागाच नसली तर लांब पाना घेऊन काय चाटायचाय का?" वर्ग फुटला. सरही हसले आणि म्हणाले, "मग तू काय करतेस?" त्यावर दीक्षानं फळ्यावर जाऊन ट्रकचा पाटा काढला, डबा काढला, टाकी काढली आणि मधे आपला हात काढला. तास संपला तरी तिचं संपलं नव्हतं.

नाक्यावरचे ड्रायव्हर तिला छोटी मिस्त्री म्हणायला लागले. कुणी वाशिमहून फोन करायचं, कुणी मुद्दाम इथंच गाडी आणायचं. शाळा सुटली की ती दप्तर टाकून पळत यायची. दहावी झाली की हिंगोलीच्या आयटीआयला डिझेल मेकॅनिकला जायचं आणि मग बाबांसोबत इथंच, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. बाबांना अजून सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात? त्यांना दिसतच असेल, असं ती धरून चालली होती.

होळी झाली आणि प्रेमानंदनं एक नाद धरला. आत जाऊन नट धरून ठेवील असा पाना शोधायचा. येईल त्या ड्रायव्हरला तो विचारायचा, "तिकडं कुठं बघितला का असा?" नांदेडहून एक मागवला, तो जाड निघाला. मोबाईलवर चित्र बघून एक पार्सल मागवलं, त्यातून आलेलं हत्यार इतकं नाजूक, की देवलानं विचारलं, "मिस्त्री, ह्यानं कान कोरायचेत का?"

एका रविवारी, दहावीचा शेवटचा पेपर व्हायचा होता तरी, तो दीक्षाला मोटारसायकलवर मागं बसवून हिंगोलीला घेऊन गेला. पुनमचंद शेठचं हत्यारांचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच आहे. शेठनं काउंटरवर पान्यांची रास घातली. सरळ, वाकडे, दोन तोंडांचे, दांडा नसलेलं नुसतं तोंड, मान हलवणारे. प्रेमानंद एकेक उचलायचा, दीक्षाच्या मनगटाला लावून बघायचा आणि बाजूला ठेवायचा.

"ह्याची मान लांब."

"ह्याचं तोंड जाड."

"हा वळंल, पण वळल्यावर थांबायचा न्हाई."

"मिस्त्री," पुनमचंद शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले, "पाना घ्यायला आलात का पोरीला स्थळ बघायला? एवढे नखरे तर सोयरिकीतबी कुणी करत न्हाई."

"स्थळच समजा शेठ," दीक्षा म्हणाली. "आमच्या नटाला पसंत पडलं पाहिजे."

प्रेमानंद हसला. खरं म्हणजे तो फार बोलणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी येताना सगळ्या रस्त्यात तो बोलत होता. पाना कुठं वाकवावा, लोखंड किती तापवावं, त्याच्या उस्तादानं त्याला पहिला पाना कसा फेकून मारला होता. दीक्षा मागून त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. वारा तोंडात शिरत होता आणि तिला वाटत होतं, की बाबा आणि मी मिळून एक मोठं काहीतरी शोधतोय.

हात आहे तर मग पाना कशाला पाहिजे, हे तिनं एकदाही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

परीक्षा संपली आणि पाना शेवटी तिलाच सापडला. सापडला म्हणजे तिनं बनवला. तिच्या लक्षात आलं, की सगळे बाहेरून माप काढतात. आत कोण गेलंय? एकटा तिचा हात. मग तिनं जाड ॲल्युमिनियमची तार घेतली, दंडाला, कोपराला, मनगटाला दोऱ्यानं बांधली, आणि एका रिकाम्या उभ्या गाडीखाली शिरून हात नटापर्यंत नेला. हात वळला तशी तार वळली. बाहेर काढली तेव्हा तार अशी दिसत होती, जशी कुणी तिच्या हाताची सावली उचलून आणली असावी.

ती तार घेऊन ती समोरच्या जळबाच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली.

"हे काय गं?" जळबानं तार फिरवून फिरवून बघितली. "पाना बनवायचाय का जिलबी?"

"जिलबीच बनवा काका. पण पाक लावू नका."

जळबानं एक जुना रिंग पाना कापला, गॅसच्या ज्वाळेत लालभडक केला आणि तारेवर ठेवून ठेवून वाकवला. मनगटापाशी एक वळण, कोपरापाशी दुसरं. शेवटी दीक्षानं सांगितलं म्हणून टोकाला एक चपटी पट्टी जोडली. ती चेसीच्या कडेला अडकली की पाना जागचा हलणार नाही. धरायला कुणी नको.

हे शेवटचं डोकं तिचं स्वतःचं होतं. त्याचा तिला सगळ्यांत जास्त अभिमान होता.

दुसऱ्याच दिवशी बाबूसिंगची गाडी आली. "जय भीम मिस्त्री! परत बसली बघा एका अंगानं," असं म्हणत तो उतरतो न उतरतो तोच दीक्षा खाली शिरली होती. तिनं पाना आत घातला. घालताना तिच्या हातानं काहीतरी केलं, वळवलं, पालथं केलं, परत उताणं केलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. पान्याचं तोंड नटावर बसलं, पट्टी चेसीला अडकली. तिनं हात बाहेर काढला. दोन्ही हात वर करून ती बाहेर आली, जादूगारासारखी.

"फिरवा काका."

"अगं, आत कोण हाय?"

"कुणी न्हाई. फिरवा!"

देवलानं फिरवलं. कट्ट.

बाबूसिंगनं टाळ्याच पिटल्या. "वा बेटा! मिस्त्री, ही पोरगी विमानबी दुरुस्त करंल." देवला नुसता मान हलवत राहिला. प्रेमानंदनं पाना बाहेर काढला, फडक्यानं पुसला, आणि बराच वेळ दोन्ही हातांत धरून बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. दीक्षानं ते बघितलं आणि तिला वाटलं, आता आपली छाती फुटणार. बाबा रडतात, ते आपल्यामुळं, आपण एवढं चांगलं काम केलं म्हणून.

"सुटलो बाई एकदाचा," प्रेमानंद म्हणाला.

संध्याकाळी जेवताना त्यानं ताटातली भाकरी मोडली, आणि न बघता म्हणाला, "उद्यापासून गाडीखाली यायचं न्हाई, माय."

दीक्षा हसली. "काहून? दुसरा मिस्त्री ठेवला का?"

"पाना झाला ना आता."

"मंग? पाना घालायला कुणी नको का?"

"देवला घालंल." त्यानं घास तसाच ताटात ठेवला. "तुला ठावं न्हाई. होळीच्या आधी, ती हळदीची गाडी होती बघ. तुझा हात आत होता. जॅकखालची जमीन दबली. गाडी खाली आली, बोटभर. ठोकळ्यावर टेकली म्हणून थांबली."

दीक्षाला आठवलं. गाडी जराशी हलली होती आणि ती आतून ओरडली होती, "कोण उड्या मारून राहिलं वर?" सगळे हसले होते. नाही. आता आठवून बघितलं, तर एकटी तीच हसली होती.

"मी जॅकपाशी होतो," प्रेमानंद म्हणाला. "मी बघितलं ना. तू हसून राहिलीस, आन् मला पाय उचलंना. तवापासून मला झोप न्हाई. काम काय, डबा खोलूनबी होते. तवापासून मी पाना हुडकून राहिलो, तो तुझा हात बाहेर काढायला."

आई खाली मान घालून ताटातलं मीठ बोटानं सारखं करत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"हिंगोलीला गेलतो आपण," दीक्षा म्हणाली. आवाज तिचाच होता, पण पूर्वीचा, हजेरीतला. "शेठच्या दुकानात. माझ्या मनगटाला लावून लावून बघून राहिलते तुमी. ते मला काढायला?"

प्रेमानंदनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "व्हय."

"मी खाली न्हाई येत. उभी राहून करते. पाटे पुसते, बोल्ट देते. हात न्हाई घालत आत, शप्पथ!"

"उभी राहिलीस का वाकशील. वाकलीस का झोपशील. मी वळखतो तुला. मीबी तसाच शिकलो." त्याचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "आत्याकडं राहा हिंगोलीला, अकरावी कर, सायन्स घे. खूप शीक. हे काळं माझ्यापाशी थांबू दे."

"मला आयटीआयला जायचंय. मला हेच करायचंय, बाबा."

"ऐक बापाचं," आई म्हणाली. "तुला काय झालं असतं तर आमी काय करायचं होतं?"

रागाला काहीतरी धरायला लागतं, आणि इथं तर समोर दोन घाबरलेली माणसं बसली होती. दीक्षा हात धुवायला उठली आणि मोरीत बराच वेळ पाणी सोडून उभी राहिली.

पुढचे दिवस तिनं पत्र्याच्या भिंतीच्या अलीकडं काढले. घरातून गॅरेज दिसत नाही, पण सगळं ऐकू येतं. जॅक चढतानाचा खटखट आवाज, घनाचा ठोका, देवलाच्या शिव्या. कोणती गाडी आली, कोणत्या अंगानं बसलीय, हे तिला नुसतं ऐकून कळायचं. आई म्हणायची, जरा झोप. ती झोपायची आणि भिंतीला कान लावायची.

"छोटी मिस्त्री कुठंय?" ड्रायव्हर विचारायचे.

"अभ्यास करून राहिली," प्रेमानंद सांगायचा.

मे महिन्यात? दहावीची परीक्षा होऊन गेल्यावर? ड्रायव्हरही एवढे भोळे नव्हते. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं.

पण दीक्षापाशी एक गोष्ट शिल्लक होती. पाना आत कसा जातो, ते फक्त तिच्या हाताला माहीत होतं. तिनं अंथरुणावर पडून डोळे मिटून ते परत परत करून बघितलं, हवेत हात वळवून, आणि आता ते तिच्या डोक्यालाही माहीत झालं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलं म्हणावं तर तसंही नाही, कुणी विचारलंच नव्हतं. तशी नवी गाडी त्यानंतर आलीच नव्हती. येईल तेव्हा बघू, असं ती स्वतःशी म्हणायची. बोलवावंच लागेल. "दीक्षा, ये गं जरा," असं बाबा म्हणतील. ते कसं म्हणतील, ती कशी थोडी उशिरानं जाईल, फडकं कसं बांधेल, इथपर्यंत सगळं तिनं ठरवून ठेवलं होतं.

आणि एका दुपारी ती गाडी आली. ऊन असं, की पत्रा तडतडत होता. अकोल्याचा ड्रायव्हर, हळद भरलेली, आणि घाई एवढी, की इंजिन बंद करायलाही तो कुरकुरला.

"डबा तापलेला हाय, थोडं थांबा," देवला म्हणाला.

"थांबायला टाईम नाही हो. संध्याकाळच्या आत पोचायचंय. लोक म्हणाले, इथं कसलासा पाना आहे, लगेच होतं."

दीक्षा उठून बसली.

जॅकची खटखट झाली. मग देवलाचा कण्हण्याचा आवाज. लोखंडावर लोखंड घासलं. परत घासलं. "जाईना," देवला म्हणाला. थोड्या वेळानं, "मिस्त्री, ही जिलबी काही आत जाईना."

"त्या दिवशी गेलता ना?"

"त्या दिवशी पोरीनं घातलता."

दीक्षा पत्र्याच्या जवळ सरकली. तिनं फडकं उचललं.

"बलावू का तिला?" देवला म्हणाला. "एकदाच. नुसतं घालून जाईल."

"न्हाई."

"अहो मिस्त्री, मिनिटाचं काम—"

"न्हाई म्हणलं ना. सरक. मी बघतो."

"तुमचा हात जात न्हाई तिथं!"

"बारदान भिजवून दे."

दोन पत्र्यांच्या मधल्या फटीला दीक्षानं डोळा लावला. बाबा गाडीखाली सरकत होते. उजव्या हाताला ओलं बारदान गुंडाळलेलं, मुठीत पाना. तापलेल्या डब्याला बारदान लागलं तशी वाफ निघाली. हात आत गेला, मनगट गेलं, कोपरापाशी अडला. बाबांनी पाय जमिनीला रोवले आणि जोर लावला. आता तो पुढंही जाईना आणि मागंही येईना. वाफ थांबली होती आणि जळक्या तागाचा वास यायला लागला होता. बाबांच्या तोंडातून आवाज निघाला. तो आवाज तिनं आजवर ऐकला नव्हता.

ती कशी पोचली ते तिला कळलं नाही. वाटेतली पाण्याची बादली तिनं उचलून सगळी त्या डब्यावर उपडी केली. चर्रर्र झालं.

"बाबा, मूठ सोडा! पाना पडू द्या. तळहात वर करा. वर! आता कोपर खाली दाबा, मंग वढा."

हात सुटला. देवलानं मिस्त्रीला काखेत धरून बाहेर ओढलं. कोपरापासून खाली कातडी लाल होऊन वर आली होती. आई घरातून धावत आली, हळहळत तिनं तो हात थंड पाण्यात धरला. आणि त्या सगळ्यात प्रेमानंद बघत होता ते फक्त दीक्षाकडं.

"तू काहून आलीस?"

दीक्षा उकिडवी बसली होती. गाडीखाली पाना पडलेला होता, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. पोतं अंथरलेलंच होतं. अकोल्याचा ड्रायव्हर बाजूला झाला. देवलाही मागं सरकला. नुसतं झोपायचं होतं. दोन श्वासांचं काम. बाबा आता उठून तिला ओढणारही नव्हते, त्यांच्यात तेवढा दम उरला नव्हता. आणि एकदा आत हात घातला, की परत सगळं पहिल्यासारखं. गाडी आली की हाक येईल, कारण दुसऱ्या कुणाला ते जमत नाही.

तिनं वर बघितलं. बाबांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिथं विनवणी होती. आणि तिला एकदम लख्ख दिसलं, की ही गाडी झाली की दुसरी येईल, आणि बाबा परत असाच हात घालतील. प्रत्येक वेळी घालतील. हात जात नाही हे माहीत असून घालतील. तिला बोलवणार नाहीत ते नाहीतच.

तिनं हात लांब करून पाना ओढला, बारदानाच्या तुकड्यात धरून देवलापुढं केला.

"काका, तोंडाकडून न्हाई घालायचा."

"मंग?"

"आधी कोपर. हे वळण हाय ना, हे आधी आत द्यायचं. चेसीला चिकटवून. गेलं का पालथा करायचा. मंग तोंड आपोआप नटाकडं वळतंय."

देवला पोत्यावर पडला. दीक्षा उभी राहिली, गाडीपासून दोन पावलं मागं, हात पाठीमागं बांधून. आत तिला काही दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती.

"घासलं काका. जरा वर घ्या. अजून. आता पालथा."

"पालथा केला."

"ढकला हळूच. जोर न्हाई लावायचा, तो सोताच जातो."

टक् असा बारीक आवाज आला. तोंड नटावर बसल्याचा. मग पट्टी चेसीला लागल्याचा. देवलानं हात बाहेर काढून आपल्या रिकाम्या पंजाकडं नवल करत बघितलं, मग लांब पाना घेऊन बाहेरच्या अंगाला गेला.

कट्ट.

"झालं का?" ड्रायव्हरनं विचारलं. "मग लावा की पटकन."

आई कोरफड आणायला घरात गेली. प्रेमानंद खांबाला टेकून बसला होता, भाजलेला हात मांडीवर धरून. त्यानं दीक्षाकडं बघितलं. मग देवलाकडं वळला.

"परत सांग बरं. कसा घालायचा?"

"आधी कोपर," देवला म्हणाला. "मंग तोंड."

"मधी काय?"

"मधी... हां, मधी पालथा करायचा."

"सगळं एकदम म्हण."

"आधी कोपर, चेसीला चिकटून. मंग पालथा. मंग तोंड."

"अजून एकदा."

देवला पाढे म्हणावेत तसा म्हणत राहिला. दीक्षा घराच्या दाराशी पाठमोरी उभी राहून ऐकत होती, कुठं चुकला तर सांगायला. तो चुकला नाही.